इंचाचे तीन आणे

मी सातारचा, त्यातही खंबाटकीत तयार झालेला. पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाटात वळणावर कंटेनरला मागे टाकल्याशिवाय आमच्याकडे कुणाला ‘गाडी येते’ असं म्हणत नाहीत. मी असे पुष्कळ कंटेनर मागे टाकले आहेत. आमचे अण्णा मात्र या बाबतीत घराण्याला बट्टा लावणारे. ते एसटीत चालक होते. वाई-पाचगणी मार्गावर उभा जन्म गेला, पण पसरणी घाटात त्यांनी कधी कुणाला ओव्हरटेक केल्याचं ऐकिवात नाही. अण्णांच्या गाडीत बसल्यावर ‘कधी पोचणार’ असं विचारायचं नसतं, हा आमच्या घरातला जुना विनोद.

त्यामुळे बायकोला अमेरिकेत कोलोरॅडोतल्या एका डोंगरगावच्या इस्पितळात नोकरी लागली आणि तिने जरा काळजीने विचारलं, “तिथे सात-आठ महिने बर्फ असतो म्हणे. तुला जमेल ना गाडी चालवायला?” तेव्हा मी नुसता हसलो. ते हसू मला पुढे महागात पडलं आणि किंमत डॉलरमध्ये होती.

गावाचं नाव फ्रिस्को. साताऱ्यात निम्म्या लोकांची अजून समजूत आहे की आम्ही सॅन फ्रान्सिस्कोत राहतो, आणि आईने ती कधी दुरुस्त केलेली नाही. हे फ्रिस्को समुद्रसपाटीपासून ९,१०० फुटांवर आहे. आपली कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे आपण जिथे धापा टाकत पोचून घंटा वाजवतो आणि फोटो काढतो, त्याच्याही वर आणखी ३,७०० फुटांवर इथले लोक पिशवी घेऊन दूध-अंडी आणायला जातात. धापा टाकतातच, पण फोटो काढत नाहीत.

मराठी माणसाला बर्फ म्हणजे काय माहीत? गोळेवाल्याची गाडी. नाहीतर लग्नात सरबताच्या पिंपात टाकायला भुशात गुंडाळून आणलेली लादी. बर्फ ही विकत आणायची वस्तू आहे, हा माझा जन्मापासूनचा समज. इथे तो फुकट येतो आणि घालवायला पैसे पडतात. पहिला बर्फ ऑक्टोबरात पडला, तेव्हा आम्ही दोघं रात्री अकरा वाजता तोंड वर करून अंगणात उभे राहिलो होतो. तीनशे फोटो काढले. सगळे काळे आले, मधे पांढरे ठिपके. सकाळी उठून बघतो तर पार्किंगमध्ये गाड्या नाहीत, नुसते उंचवटे. कुणीतरी रात्रीत दहा-बारा समाध्या बांधून गेल्यासारखं दिसत होतं. मी फावडं घेऊन उतरलो. पाऊण तास खपून, कमरेचे टाके ढिले करून आमचा उंचवटा मोकळा केला. काचा पुसल्या. वायपर हलकेच सोडवले. मग खिशातून किल्ली काढून बटण दाबलं, तर पलीकडच्या तिसऱ्या उंचवट्याच्या आत दिवा लुकलुकला.

ज्यांची गाडी मी उकरली होती, त्या बाई संध्याकाळी ॲपल पाय घेऊन आल्या. ‘नवीन माणूस असून केवढा हा चांगुलपणा’ म्हणून त्यांचे डोळे पाणावले होते. मी खुलासा केला नाही. आजही त्या गल्लीत माझं नाव चांगलं आहे आणि त्याचं कारण फक्त तुम्हाला माहीत आहे.

पुढच्या वर्षी आम्ही भाड्याने स्वतंत्र घर घेतलं. स्वतंत्र घर म्हणजे स्वतंत्र बर्फ. दारापासून रस्त्यापर्यंतची वाट ज्याची त्याने साफ करायची. रस्ता साफ करायला मात्र पालिकेची गाडी येते, पुढे लोखंडी पातं लावलेली. तिला इथे प्लाऊ म्हणतात, म्हणजे चक्क नांगर. मी एकदा फोनवर आईला म्हणालो, “आज अजून रस्त्यावर नांगर आला नाही.” आई म्हणाली, “त्यात काय, आपल्याकडे तर बारा महिने रस्ते नांगरलेलेच असतात.”

या नांगराचा आणि माझा छत्तीसचा आकडा आहे. आपण भल्या पहाटे उठून दारासमोरची वाट आरशासारखी करावी, चहाचा कप घेऊन खिडकीत उभं राहून आपल्याच कामाकडे कौतुकाने बघावं, आणि तेवढ्यात तो यावा. रस्त्यावरचा सगळा बर्फ तो कडेला सारतो आणि कडेला आपलं दार असतं. ढकलून घट्ट झालेला, मीठ-माती मिसळलेला, गुडघाभर उंचीचा बांध नेमका आपल्या वाटेच्या तोंडाशी घालून तो निघून जातो. मिनेसोटा राज्यात लोकांकडून या नांगरांसाठी नावं मागवतात. २०२१ साली तिथे ‘प्लाउई मॅकप्लाउफेस’ हे नाव पहिलं आलं. मी आमच्या गल्लीतल्या नांगराला मनातल्या मनात ‘जावईबापू’ म्हणतो. येईल तेव्हा येतो, आला की वाट अडवून ठेवतो आणि त्याला काही बोलता येत नाही.

ही माझी दशा शेजारचे आजोबा महिनाभर खिडकीतून बघत होते. हे मूळचे लेडव्हिलचे. लेडव्हिल दहा हजार फुटांच्या वर आहे, त्यामुळे त्यांच्या लेखी आम्ही फ्रिस्कोवाले म्हणजे कोकणात राहणारी माणसं. शेवटी न राहवून ते बाहेर आले. म्हणाले, “रस्त्याकडे तोंड करून उभा राहा. नांगर कुठून येणार?” मी म्हटलं, “डावीकडून.” “मग तू बर्फ डावीकडे का टाकतोस? तो उचलून नांगर तुलाच परत देणार. उजवीकडे टाक. आणि डाव्या हाताला कडेलाच एक खळगा मोकळा कर, म्हणजे त्याच्या पात्यावरचा माल तुझ्या दारात यायच्या आधी तिथे पडेल.” तीस वर्षं शाळेत भूमिती शिकून मला जे कळलं नव्हतं ते दोन मिनिटांत कळलं. (तीस वर्षं शाळेत नव्हतो, पण भूमितीचा तास तेवढा वाटायचा.) शेवटची गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी, “आणि मुळात नांगर यायच्या आधी उकरायला घेऊ नये. झोपावं.”

आता गाडीकडे येतो. कोलोरॅडोच्या डोंगरी भागात आय-७० या महामार्गावर, मॉरिसन ते डॉटसेरो या टापूत, १ सप्टेंबर ते ३१ मेपर्यंत टायरांचा कायदा लागू असतो. वर्षाचे नऊ महिने. राहिलेल्या तीन महिन्यांना उन्हाळा म्हणतात. कायदा म्हणतो, गाडी चारही चाकांना जोर देणारी असेल तर टायरच्या खाचा निदान ३/१६ इंच खोल हव्यात. नसेल, तर बर्फाला चालणारी टायरं हवीत, नाहीतर साखळ्या तरी जवळ हव्यात. पुरेशी टायरं नसताना सापडलात तर १३० डॉलरच्या वर दंड, आणि त्यापायी रस्ता अडवून बसलात तर ६५० च्या वर. यातला ३/१६ हा आकडा मी कधीच लक्षात ठेवू शकलो नसतो. पण अण्णांना फोनवर सांगत होतो, “अण्णा, इंचाचे सोळा भाग करायचे, त्यातले तीन...” तर पलीकडून अण्णा म्हणाले, “म्हणजे तीन आणे. सरळ सांग ना.”

तेव्हापासून आमच्या घरात तीन आणे हेच माप रूढ आहे. इथले लोक ढोबळ अंदाजाला पाव डॉलरचं नाणं उलटं धरून टायरच्या खाचेत घालतात. नाण्यावरच्या जॉर्ज वॉशिंग्टनचा माथा झाकला गेला तर टायरात अजून जीव आहे म्हणायचं. देशाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाचं डोकं टायरात खुपसून बघायची ही पद्धत मला सुरुवातीला जरा उद्धट वाटली होती. शिवाय माथा झाकला तरी तीन आणे भरतीलच असं नाही, म्हणून आम्ही खोली मोजायची पट्टीच आणली.

बर्फासाठीच्या खऱ्या टायरांच्या कडेला तीन शिखरं आणि मध्ये हिमाचा कण असं चित्र असतं. त्यांचं रबर थंडीत मऊ राहतं. साध्या टायरांचं कडक होतं आणि कडक रबर म्हणजे घसरगुंडी. म्हणजे टायरांचे दोन जोड आले. मी बर्फाची टायरं दसऱ्याला चढवतो आणि अक्षय्य तृतीयेला उतरवतो. खंडेनवमीची पूजाही त्यात उरकते. गॅरेजमधला पोरगा झेंडूची पाकळी बोल्टमधून काढताना दरवर्षी माझ्याकडे बघतो, पण विचारत नाही.

आणि आता एका टपालपेटीचा प्रसंग. तो सांगायचा नव्हता, पण बायको वाचणार आहे आणि तिने वगळल्याचं लक्षात आणून दिलं तर जास्त पंचाईत.

नोव्हेंबरातली सकाळ. उन्हं पडलेली, आकाश निळंभोर, रस्ता ओला दिसत होता. ‘ओला दिसणं’ हा इथला सर्वात फसवा प्रकार. तो ओला नव्हता, त्याच्यावर पातळ काचेसारखा बर्फ होता. त्याच्यातून खालचं डांबर दिसतं, म्हणून त्याला ब्लॅक आइस म्हणतात. उतार फार नाही, वेग ताशी पंधरा मैल, म्हणजे आपले चोवीस किलोमीटर. या वेगाला साताऱ्यात मागची सायकल घंटी वाजवते. समोर थांबायची पाटी आली. मी ब्रेक लावला. म्हणजे पायाने लावला, गाडीने मनावर घेतलं नाही. पायाखाली कुणीतरी ज्वारी भरडत असावं तसा कडकड कडकड आवाज सुरू झाला आणि गाडी अत्यंत शांतपणे, सभ्यपणे, एखाद्या म्हाताऱ्या बाईने देवळाकडे जावं तशी कोपऱ्यावरच्या घराकडे निघाली.

बर्फातल्या अपघाताचं वैशिष्ट्य हे की तो सावकाश होतो. आपल्याकडे ‘काही कळायच्या आत’ होतं. इथे सगळं कळतं. मला स्टिअरिंग फिरवायला वेळ मिळाला, काही उपयोग नाही हे कळायला वेळ मिळाला, त्या घराची टपालपेटी निळी आहे आणि तिच्यावर ट्राउट मासा रंगवलाय हे बघायला वेळ मिळाला. विम्याचा विचार झाला, गणपती झाला. मला वाटतं हॉर्नही दाबला, टपालपेटीने बाजूला व्हावं म्हणून. मग ती हळूच आडवी झाली.

मालक बाहेर आले ते अर्ध्या चड्डीत. इथे उणे दहा अंशांतही माणसं अर्ध्या चड्डीत हिंडतात, त्याचं कारण मी शोधायचं सोडून दिलंय. मी माफी मागायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, “या वर्षीचा दुसरा. अजून डिसेंबर नाही.” गॅरेजमध्ये त्यांनी चार खांब आधीच कापून, रंग देऊन ठेवले होते. मी एक धरला, त्यांनी ठोकला. चाळीस डॉलर घ्या म्हटलं तर वीसच घेतले.

यानंतर मी बर्फात गाडी चालवायच्या वर्गाला गेलो. बर्फाने केलेल्या मैदानावर गाडी मुद्दाम घसरवून शिकवतात. शिकवणारीने सांगितलं, चारही चाकांना जोर असलेली गाडी निघायला बरी, थांबायला इतरांसारखीच. गाडीची शेपूट ज्या बाजूला जाईल त्याच बाजूला स्टिअरिंग वळवायचं. जायचंय तिकडे बघायचं, आदळायची भीती आहे तिकडे नाही. ब्रेक शक्यतो विसरायचा. मी सगळं वहीत लिहून घेतलं. लक्षात मात्र एकही गोष्ट राहिली नाही, कारण सगळं इंग्रजीत सांगितलं होतं आणि भीती मला मराठीत वाटते.

वर्गात एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. काच धुवायच्या टाकीत मी साताऱ्याच्या सवयीने पाणी आणि वर थोडा शाम्पू घालत असे. महामार्गावर बर्फ धरू नये म्हणून मॅग्नेशियम क्लोराइडचं पाणी फवारतात, ते पुढच्या ट्रकच्या चाकांवरून उडून काचेवर बसतं आणि वायपरने ते पुसलं की काच ताकासारखी होते. मी बटण दाबलं. आतून फक्त मोटरचा हुंदका आला. टाकीत शाम्पूचा गोळा झाला होता. खिडकीतून डोकं बाहेर काढून, उणे अठरा अंशांत पुढच्या फाट्यापर्यंत मी गाडी आणली. कान परत आले, पण आठवड्याने.

डेन्व्हरहून आमच्याकडे यायला सत्तरेक मैल. वाटेत डोंगराच्या पोटातून आयसेनहॉवर बोगदा लागतो. अकरा हजार फुटांवर, २.७ किलोमीटर लांब. पश्चिमेकडे जायची नळी १९७३ साली उघडली, पूर्वेकडची १९७९ साली. दुसरीला जॉन्सन यांचं नाव दिलंय, पण ते बिचारे कुणाच्या तोंडी नाहीत. दोन्हींना लोक आयसेनहॉवरच म्हणतात. हे आयसेनहॉवर १९१९ साली तरुण लष्करी अधिकारी असताना वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या लष्करी गाड्यांच्या ताफ्यात होते. देश ओलांडायला त्या ताफ्याला ६२ दिवस लागले. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी १९५६ साली महामार्गांच्या कायद्यावर सही केली. स्कीइंग करून डेन्व्हरला परतणारी सगळी जनता रविवारी संध्याकाळी या बोगद्याच्या तोंडाशी जमते, तेव्हा ६२ दिवस म्हणजे फार नव्हेत असं वाटतं. खंडाळ्याच्या घाटातला रविवार ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. फक्त इथे भुट्टा मिळत नाही.

धोकादायक माल नेणाऱ्या टँकरांना बोगद्यात बंदी. त्यांनी वरून, लव्हलँड खिंडीतून, जवळजवळ बारा हजार फुटांवरून जायचं. आणि बर्फाने खिंड बंद झाली की? मग ठरावीक वेळी बोगद्यातली बाकी सगळी वाहतूक थांबवतात आणि टँकरांची वरात तेवढी आतून सोडतात. आपण बाहेर उभे. आत नवरदेव.

या बोगद्याची आणखी एक गोष्ट आहे. तो खणत असताना जॅनेट बोनेमा नावाच्या तंत्रज्ञ बाईंना कामावर घेतलं, पण बोगद्यात पाऊल ठेवू देईनात. बाई आत आली की अपशकुन होतो, डोंगर कोसळतो, ही तिथल्या खाणकामगारांची जुनी समजूत. बाई कोर्टात गेल्या. १९७२ च्या नोव्हेंबरात त्या आत गेल्या, तेव्हा साठेक कामगार काम टाकून बाहेर पडले. डोंगर जागच्या जागी राहिला. ही हकिकत मी बायकोला सांगितली तेव्हा तीच गाडी चालवत होती आणि आम्ही बोगद्यातच होतो. ती म्हणाली, “बाहेर पडायचं असेल तर सांग, थांबवते.”

गेल्या फेब्रुवारीत आई आणि अण्णा आले. ‘उन्हाळ्यात या’ म्हणून परोपरीने सांगितलं, पण अण्णा म्हणाले, “उन्हाळा इथेही आहे.” विमानतळावरून निघालो तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. घाट सुरू झाला आणि बर्फ पडू लागला. अण्णा पुढे बसले होते, माकडटोपी घालून, हात मांडीवर ठेवून. चालकाच्या शेजारी बसलेला निवृत्त चालक किती बोलतो ते तुम्हाला ठाऊक असेल. अण्णा एक अक्षर बोलेनात. मला घाम फुटला. बोगद्याआधी कडेला ट्रक लावून चालक साखळ्या चढवत होते. एक जण बर्फात पाठीवर आडवा पडून चाकाखाली हात घालत होता, हातमोजा दातात धरलेला. अण्णा म्हणाले, “त्याला चहा द्यायला हवा.” तिथे थांबायला परवानगी नाही असं मी म्हटलं. अण्णांनी काच खाली केली, बर्फ आत आला, आणि हात बाहेर काढून त्यांनी एसटीवाले समोरच्या एसटीला करतात तसा हात केला. त्या ट्रकवाल्याने पडल्या पडल्या मोजा नसलेला हात वर केला. काय समजला असेल कोण जाणे, पण बरोबर समजला.

बोगद्याच्या डोक्यावरून खंडाची पाणवाट जाते. अलीकडे पडलेलं पाणी शेवटी मेक्सिकोच्या आखाताकडे, पलीकडचं कोलोरॅडो नदीला. अण्णा म्हणाले, “म्हणजे हे यांचं महाबळेश्वर.” बोगदा संपला आणि उतार लागला.

“केवढा उतार आहे हा?”

“सात टक्के, अण्णा. सात-आठ मैल असाच.”

“मग तू ब्रेकवर काय करतोयस?”

“ब्रेक लावतोय.”

“खालपर्यंत?” आणि मग ते पसरणीच्या आवाजात म्हणाले, “घाट ज्या गिअरला चढला त्याच गिअरला उतरायचा. गाडी इंजिनाने धरायची, पायाने नाही. पाय उचल.”

आमच्या गाडीला गिअर आपोआप पडतात, पण हाताने खाली आणायची सोय असते. वर्गातल्या बाईंनी ती दाखवली होती. मी गिअर खाली आणला, इंजिन गुरगुरलं, गाडीने स्वतःला आवरलं. भरपूर डॉलर मोजून जे ऐकलं होतं तेच हे, फक्त आता ते डोक्यात शिरलं. कडेला एक चढाची वाट दिसली, खडी भरलेली, कुठेच न जाणारी. ब्रेक गेलेल्या ट्रकने तिच्यात घुसायचं, खडीत चाकं रुततात आणि ट्रक थांबतो. अण्णांना सांगितलं. त्यांनी मान मागे वळवून ती वाट दिसेनाशी होईपर्यंत बघितली. पसरणीत एकदा ब्रेक गेल्यावर त्यांनी भरलेली गाडी डोंगराच्या अंगाला घासत थांबवली होती, एवढंच मला आईकडून माहीत आहे. ते स्वतः त्यावर बोलत नाहीत. तेव्हाही बोलले नाहीत.

पुढे तीन नांगर तिरक्या रांगेत सगळा रस्ता व्यापून चालले होते, ताशी तीस मैलांनी, आणि त्यांच्यामागे आम्ही, पाच-पन्नास गाड्या. अशा रांगेला ओलांडून पुढे जाणं इथे बेकायदा आहे. कुणी दिवे मारत नव्हतं, कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. अण्णा पहिल्यांदा सैल होऊन मागे टेकले. “किती छान चालवतात हे लोक,” ते म्हणाले. मागून आईने विचारलं, “कधी पोचणार?” आणि कुणीच उत्तर दिलं नाही.

आईचं युद्ध स्वयंपाकघरात झालं. या उंचीवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं. उकळताना दिसतं, पण त्याला हवा तेवढा ताप नसतो. तुरीची डाळ पातेल्यात तासभर नाचत राहते आणि शिजत नाही. आई म्हणाली, “पाण्याला पण इथे खोटं बोलायची सवय लागलीय.” कुकरशिवाय गत्यंतर नाही. सामानातल्या बाकरवडीच्या पुड्या हवा कमी असल्याने उशीसारख्या टम्म फुगल्या होत्या. आईने त्या कस्टमवाल्यांनी फुगवल्या असा निष्कर्ष काढला आणि तो तिने अजून बदललेला नाही.

अण्णांची आणि शेजारच्या आजोबांची भाषा एक नाही, पण फावडं एक. सकाळी नांगर येऊन गेला की दोघं बाहेर पडत. आधी कधीच नाही. अण्णांना हे कुणी सांगावं लागलं नाही. अण्णा मराठीत बोलत, आजोबा इंग्रजीत, आणि दोघंही मान डोलवत उजवीकडे बर्फ टाकत. २०१९ च्या मार्चमध्ये, आम्ही इथे यायच्या आधी, आमच्या गावाजवळ कड्यावरचा बर्फ सुटून सरळ आय-७० वर, चालत्या गाड्यांवर आला होता. ती गोष्ट आजोबांनी फावडं आडवं-उभं करून सांगितली आणि अण्णांना ती समजली. असा बर्फ आपणहून सुटू नये म्हणून तो आधीच स्फोट करून पाडतात. त्यासाठी रस्ते खातं वर्षानुवर्षं लष्कराच्या तोफा वापरत असे. रस्ते खात्याकडे तोफा, हे ऐकल्यावर अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आपल्याकडे नकोत.”

जाताना अण्णांनी माकडटोपी आजोबांना दिली. आजोबा लेडव्हिलचे, त्यांना थंडी वाजत नाही, असं ते सांगतात. पण सध्या फ्रिस्कोत पहाटे फावडं घेऊन उभा असलेला, तपकिरी माकडटोपीतला जो गोरा म्हातारा दिसतो, तो तोच.

तर तुम्ही जरूर या. जागा आहे, कुकर आहे, एक जास्तीचं फावडं आहे. बाकरवडी आणा, पुडी फुगली तर घाबरू नका. खंबाटकीची आठवण काढायची ती घरी आल्यावर. आणि विमानतळावर भाड्याची गाडी ताब्यात घेण्याआधी, काउंटरवरचा माणूस कितीही गोड हसला तरी, बाहेर जाऊन वाका आणि टायर बघा. तीन आणे भरले नाहीत तर दुसरी गाडी मागा. दंडाची पावती भाड्याने देणाऱ्याच्या नव्हे, चालवणाऱ्याच्या नावाने फाटते.